बसलेली घडी नव्या खात्यात

दुकानात नवा संगणक येतो. जोडणी करून देणारा इंजिनिअर जुन्यातला डेटा नव्यात टाकतो, "सगळं आलंय, बघून घ्या" म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. फोल्डर उघडले की फाइली खरोखरच जागेवर असतात. मग काम सुरू होतं आणि एकेक गोष्ट लक्षात यायला लागते. मराठी टाइप होत नाही. कालपर्यंत दोन अक्षरं दाबली की अख्खं वाक्य उमटायचं, ते आता उमटत नाही. प्रिंट भलत्याच प्रिंटरवर जाते. ब्राउझर प्रत्येक ठिकाणी पासवर्ड नव्याने मागतो. साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीची गणपती पेठ, डीटीपी करणारे, मुद्रांक विक्रेते, कर सल्लागार, सेवा केंद्र चालवणारे या सगळ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतो. अलीकडे तो जास्त येतो, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तेव्हा पुष्कळ जुन्या संगणकांवर ते रीतसर चढतच नाही आणि नवी मशीन घ्यावी लागते.

हरवलेलं असतं ते कागदपत्रांतलं काही नसतं. वर्षानुवर्षं काम करताना माणूस संगणकाला आपल्या हाताचं वळण लावत जातो. कुठला कीबोर्ड, कुठले फॉन्ट, कुठली संक्षिप्त रूपं, कुठल्या खुणा. ही सगळी मेहनत त्याच्या खात्यात साठलेली असते आणि डेटा काढून ठेवताना तिची आठवण कुणालाच होत नाही. मराठीत काम करणाऱ्याचं नुकसान यात सगळ्यांत मोठं होतं, कारण इंग्रजी टाइप करायला नव्या संगणकावर काहीच करावं लागत नाही. मराठीची घडी मात्र हातानेच बसवावी लागते.

एकाच संगणकावर प्रत्येकाचं वेगळं खातं ही आपल्याकडे तशी नवी गोष्ट आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रावर संगणक असे आणि ऊस उत्पादकांच्या नोंदी, तोडीची पाळी, बिलाचा हिशेब त्यावरून कळे. त्या काळी घरोघर आणि दुकानोदुकानी पोहोचलेल्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये लॉगिनची चौकट यायची खरी, पण एस्केपचं बटण दाबलं की कुणीही आत जात असे. वेगळी खाती, प्रत्येकाची वेगळी भिंत हे सामान्य माणसापर्यंत पोहोचलं ते २००१ च्या विंडोज एक्सपीपासून. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळ म्हणजे एमकेसीएल स्थापन झालं आणि पुढे एमएस-सीआयटीच्या वर्गांतून तालुक्याच्या गावांतली मुलं-मुली, शिक्षक, कारकून संगणकावर बसायला लागले. फाइल कॉपी कशी करायची हे तिथे प्रत्येकाला शिकायला मिळालं. खात्याच्या पोटात काय असतं याकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं.

तर खात्याच्या पोटात काय असतं? सी ड्राइव्हमध्ये 'यूजर्स' नावाचं फोल्डर असतं आणि त्यात प्रत्येक खात्याच्या नावाचं एकेक फोल्डर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही त्यातली दिसणारी दालनं. 'ॲपडेटा' हे आणखी एक फोल्डर लपवलेलं असतं आणि खरा ऐवज तिथे असतो: वर्डचे साचे, ब्राउझरच्या खुणा, मेलची मांडणी. याशिवाय 'एनटीयूजर.डॅट' नावाची एक लपलेली फाइल असते. विंडोजची रजिस्ट्री म्हणून जी मोठी नोंदवही असते, तिच्यातली त्या एका माणसापुरती पानं या फाइलीत असतात. कीबोर्ड कोणता, माउस कसा, नेहमीचा प्रिंटर कुठला, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

पुष्कळांना वाटतं की जुन्या नावाचं अख्खं फोल्डर उचलून नव्या खात्यात टाकलं की काम झालं. तसं होत नाही. विंडोज खात्याला नावाने ओळखतच नाही. खातं तयार होताना त्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो, तो दुसऱ्या कुठल्याही खात्याला मिळत नाही, आणि फोल्डर, फाइली, रजिस्ट्रीची पानं यांची मालकी त्या क्रमांकाच्या नावावर असते. जुनं खातं 'ऑफिस' होतं म्हणून नव्या संगणकावरही 'ऑफिस' असंच खातं काढलं, तरी विंडोजच्या लेखी ते दोन वेगळे इसम. म्हणून एनटीयूजर.डॅट जशीच्या तशी दुसऱ्या खात्यावर चढवली की खातं उघडताना अडतं, नाही तर उघडून भलतंच वागतं. एक्सपीमध्ये एका खात्याचं प्रोफाइल दुसऱ्यावर उतरवण्याचं बटण होतं; विंडोज ७ पासून ते फक्त 'डिफॉल्ट' प्रोफाइलपुरतंच चालतं. विस्टा आणि विंडोज ७ मध्ये 'ईझी ट्रान्सफर' नावाची चांगली सोय होती. एका खात्याच्या फाइली आणि सेटिंग ती दुसऱ्या संगणकावर नेऊन ठेवायची. विंडोज १० मध्ये तीही काढून टाकली. सामान्य वापरणाऱ्याच्या हातातलं इतकं उपयोगी साधन काढायला नको होतं.

सांगलीकरांना मालकीची ही अडचण पुराने शिकवली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. बाजारपेठेत दुकानंच्या दुकानं पाण्याखाली होती. २००५ मध्ये हे झालं होतं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा झालं. बुडालेल्या संगणकाचा मदरबोर्ड जातो, पण आतली डिस्क जाणकाराच्या हाती पडली तर कधी कधी वाचते. (भिजलेली डिस्क घरी वाळवून चालू करून बघू नये, त्यात उरलीसुरली आशाही जाते.) अशी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून जुन्या खात्याचं फोल्डर उघडायला गेलं की आत जायला परवानगी नसल्याची सूचना येते. माणूस घाबरतो, डेटा गेला म्हणतो. खरं तर डेटा जागेवरच असतो; मालकी मात्र ज्या खात्याची होती ते खातं आता अस्तित्वात नसतं. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून मालकी बदलून घेतली की फोल्डर उघडतं. तिथून पत्रं, बिलं, फोटो मिळतात. ॲपडेटामधून काय काय घ्यायचं हे मात्र ठाऊक असावं लागतं.

त्यात मराठी माणसाने सगळ्यांत आधी बघावेत ते फॉन्ट. पूर्वी फॉन्ट टाकला की तो विंडोजच्या सामाईक फॉन्ट फोल्डरात जायचा आणि सगळ्या खात्यांना दिसायचा. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० पासून हे बदललं. आता फॉन्टवर दोनदा क्लिक करून साधं 'इन्स्टॉल' म्हटलं की तो त्या एका खात्याच्या ॲपडेटामध्ये जाऊन बसतो. शेजारच्या खात्याला तो नसल्यासारखाच. सगळ्यांना दिसायला हवा असेल तर फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडावं लागतं.

रोमन मजकुरात फॉन्ट हरवला तर अक्षराचं वळण बदलतं, वाचायला अडचण येत नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये मात्र मजकूरच नाहीसा झाल्यासारखा होतो. कृतीदेव घ्या. त्यात 'मराठी' हा शब्द लिहिताना संगणक आत साठवतो ती इंग्रजी अक्षरं असतात: इ, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फॉन्ट त्या इ वर 'म' चं, जे वर 'र' चं, के वर कान्याचं चित्र चढवतो आणि डोळ्यांना मराठी दिसतं. नव्या खात्यात फॉन्ट नसला की चित्र उतरतं आणि खालची पाच इंग्रजी अक्षरं तेवढी उरतात. शिवाजी, आकृती, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, प्रत्येकाची चढवण्याची रीत निराळी, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्येही वाचता येत नाही. तीस-तीस वर्षांच्या लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, शाळांचे स्मरणग्रंथ छापखान्यांच्या संगणकांवर या रूपात पडून आहेत. ते दिसेनासे झाले म्हणून कुणी पुसून टाकू नयेत. मूळ फॉन्ट बसवला की ते तसेच्या तसे परत येतात. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराला हा धोका नाही. वाईहून ज्याचं काम चालतं तो मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर युनिकोडमध्ये आहे, म्हणून तो कुठल्याही खात्यात, कुठल्याही फोनवर नीट वाचता येतो.

फॉन्टनंतर कीबोर्ड. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून आहे आणि मे २०१९ च्या विंडोज १० पासून उच्चारानुसार टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही आला. पण कुणी कोणता निवडला ही नोंद खात्यागणिक वेगळी. एकाने इनस्क्रिप्ट लावलं तर दुसऱ्याच्या खात्यात ते आपोआप येत नाही. इथे विंडोजने एक सोय जुन्या काळापासून ठेवली आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. सेटिंगमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन', तिथे खाली 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज' असतं. ते उघडलं की 'कॉपी सेटिंग्ज' असं बटण दिसतं आणि ते दाबलं की खाली टिक करायच्या दोन चौकटी. पहिलीने आपल्या खात्यातली भाषा, कीबोर्ड, तारखेची पद्धत लॉगिनच्या पडद्यावर जाते. दुसरीने ती यापुढे तयार होणाऱ्या प्रत्येक खात्याला मिळते.

यापुढे तयार होणाऱ्या, हे महत्त्वाचं. आधी काढून ठेवलेल्या खात्यांना याचा उपयोग नाही. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा पतसंस्थेत पाच जणांसाठी पाच खाती करायची असतील, तर आधी एका खात्यात मराठी नीट बसवावी, फॉन्ट सगळ्यांसाठी टाकावेत, 'कॉपी सेटिंग्ज' दाबावं आणि मगच बाकीची खाती काढावीत. पाच जणांचं काम एका झटक्यात होतं.

आता ज्या गोष्टीचा सगळ्यांत जास्त जीव तुटतो, ती वर्डमधली संक्षिप्त रूपं. तहसील कचेरीच्या आवारात दस्त टाइप करणाऱ्याच्या हाताकडे बघावं. 'लिदे' एवढं टाइप करून स्पेस दाबली की 'लिहून देणार' येतं, 'लिघे' म्हटलं की 'लिहून घेणार'. 'मौजे', 'तालुका कवठे महांकाळ, जिल्हा सांगली', चतुःसीमा, 'सदर मिळकतीवर कोणताही बोजा नाही' अशी वाक्यंच्या वाक्यं दोन-तीन अक्षरांत बांधलेली असतात. पत्रिका छापणारा 'आये' वर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' बांधून ठेवतो. शिवाय जत, आटपाडी, खटाव, माण, जावळी ही नावं चुकीची म्हणून लाल रेघ येऊ नये, यासाठी एकेक शब्द शब्दसंग्रहात घातलेला असतो. हे भांडार कुठल्याही बाजारात विकत मिळत नाही आणि पुन्हा उभं करायला अनेक हंगाम जातात.

ते भांडार न्यायला मात्र काही मिनिटं पुरतात. साधा मजकूर असलेली संक्षिप्त रूपं ॲपडेटातल्या 'रोमिंग', त्यातल्या 'मायक्रोसॉफ्ट', त्यातल्या 'ऑफिस' फोल्डरात 'एमएसओ' ने सुरू होणाऱ्या आणि 'एसीएल' ने संपणाऱ्या फाइलींत असतात. मधला आकडा भाषेचा: अमेरिकन इंग्रजीला १०३३, मराठीला ११०२. ठळक अक्षरं, रंग, तक्ता यांसह बांधलेली रूपं 'टेम्प्लेट्स' फोल्डरातल्या 'नॉर्मल.डॉटएम' या फाइलीत राहतात. स्वतः घातलेले शब्द 'यूप्रूफ' फोल्डरातल्या 'कस्टम.डिक' मध्ये. दोन्हीकडे वर्ड पूर्ण बंद करावं, या फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात, नव्या खात्यात त्याच जागी ठेवाव्यात, वर्ड उघडावं. लिब्रेऑफिस वापरणाऱ्याचं काम याहून सोपं आहे. तिथे एकच 'यूजर' फोल्डर नेलं की शब्दसंग्रहापासून बटणांच्या मांडणीपर्यंत सगळं येतं.

ब्राउझरची गोष्ट वेगळी आहे आणि ती मुद्दाम तशी केलेली आहे. क्रोमचं फोल्डर उचलून नव्या खात्यात ठेवलं तर बुकमार्क येतात. साठवलेले पासवर्ड येत नाहीत. विंडोज ते ज्या किल्लीने कुलूपबंद करतं, ती किल्ली त्या खात्याशी आणि त्याच्या पासवर्डशी बांधलेली असते. कुणी डिस्क पळवली तरी पासवर्ड हाती लागू नयेत, यासाठी ही व्यवस्था. ती योग्यच आहे. मार्ग दोन. गूगल खात्यातून सिंक करणं हा पहिला. जुन्या खात्यात लॉगिन करून पासवर्डची यादी फाइल म्हणून बाहेर काढणं आणि नव्यात आत घेणं हा दुसरा. त्या यादीत सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात, म्हणून काम होताच ती फाइल पुसावी, रीसायकल बिनमधूनही काढावी, आणि ती व्हॉट्सॲपने तर कधीच पाठवू नये. फायरफॉक्सने वेगळा रस्ता धरला आहे. त्याच्या प्रोफाइलचं फोल्डर पूर्ण नेलं की पासवर्डसुद्धा सोबत येतात. सोय मोठी, पण ते फोल्डर ज्याच्या हाती पडेल त्यालाही तीच सोय मिळते.

याच किल्लीमुळे एक प्रसंग लहान कार्यालयांत ओढवतो. कामावरची व्यक्ती सोडून जाते, तिच्या खात्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक नसतो, मग ॲडमिनिस्ट्रेटर तो जबरदस्तीने बदलतो. खातं उघडतं, कागदपत्रं दिसतात. पण जुन्या पासवर्डला बांधलेली माहिती, म्हणजे साठवलेले पासवर्ड, त्या खात्यातली प्रमाणपत्रं, कुलूपबंद केलेल्या फाइली हाताबाहेर जाऊ शकतात. विंडोज तशी सूचना आधी देतं. बहुतेक जण ती न वाचता पुढे जातात. डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्ये असेल तर ती टोकनसोबत चालते, तिला धक्का नाही. फक्त नव्या संगणकावर टोकनचं सॉफ्टवेअर बसवावं लागतं. माणूस जायच्या आधी त्याच्यासमोर बसून हस्तांतर करून घेणं हेच खरं. ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात चालक बदलतो तेव्हाही हीच रीत हवी, आणि जाणाऱ्याचे खासगी पासवर्ड त्याने स्वतः काढून नेलेले बरे.

काही गोष्टींची काळजी करायची गरज नसते. टॅलीचा डेटा नेहमीच्या मांडणीत 'पब्लिक' या सामाईक फोल्डराखाली असतो, त्यामुळे त्याच संगणकावर खातं बदललं तरी हळदीच्या अडत्याची खतावणी तिथेच सापडते. यूएसबीने जोडलेला प्रिंटर सगळ्या खात्यांना दिसतो. नेटवर्कवर सामाईक केलेला मात्र बहुधा प्रत्येक खात्यात पुन्हा जोडावा लागतो आणि नेहमीचा कुठला हेही पुन्हा सांगावं लागतं. लिनक्समध्ये तर सगळा मामला सरळ आहे: माणसाच्या घरच्या फोल्डरात, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींत त्याच्या सवयी असतात. त्या नव्या खात्यात न्यायच्या आणि मालकी नव्याच्या नावावर करायची.

खातंच बिघडतं तेव्हा? लॉगिन केल्यावर डेस्कटॉप कोरा दिसतो आणि तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आल्याची सूचना येते. अशा वेळी "फॉरमॅट मारून देतो" हे उत्तर लगेच मिळतं. फॉरमॅटची बहुधा गरज नसते. मायक्रोसॉफ्टने सांगितलेली जुनी रीत अशी की संगणकावर तीन खाती हवीत: बिघडलेलं, नवं आणि कॉपी करण्यासाठी तिसरं. तिसऱ्यातून लॉगिन करायचं, लपलेल्या फाइली दिसतील असं करायचं, बिघडलेल्या खात्यातलं सगळं नव्यात न्यायचं. फक्त एनटीयूजर नावाने सुरू होणाऱ्या फाइली सोडायच्या. बिघाड त्यांच्यातच असण्याचा संभव जास्त.

ज्या महाविद्यालयांत किंवा बँकांत शेकडो संगणक बदलायचे असतात, तिथे मायक्रोसॉफ्टचं यूएसएमटी हे साधन कामाला येतं. त्यातला 'स्कॅनस्टेट' जुन्या खात्यातून फाइली आणि सेटिंग वेचून बांधतो, 'लोडस्टेट' ते नव्यात उतरवतो. काळ्या खिडकीत आज्ञा लिहून चालवायचं साधन आहे, घरच्या माणसासाठी नाही. घरच्यासाठी विंडोजचं बॅकअप ॲप आहे. ते मायक्रोसॉफ्ट खात्यातून वॉलपेपर, वायफायचे पासवर्ड, भाषेच्या काही निवडी नव्या संगणकावर आणतं. दस्त टाइप करणाऱ्याची 'लिदे', 'लिघे' त्यातून येतील या भरवशावर राहू नये.

शेवटी जुनं खातं काढून टाकायची वेळ येते, आणि घाई नेमकी इथेच होते. कंट्रोल पॅनेलमधून खातं काढताना फाइली ठेवायच्या का असं विंडोज विचारतं. 'ठेवा' म्हटलं तरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, गाणी अशी ठरावीक फोल्डरंच उरतात, ॲपडेटा जातं. सेटिंगमधून काढलं तर खात्यासोबत सगळंच जातं. काय राहून गेलं हे पहिल्या दिवशी कळत नाही. ते महिन्यातून एकदाच लागणाऱ्या कामाला हात घातल्यावर कळतं. म्हणून नव्या खात्यात जीएसटीचं विवरणपत्र एकदा भरून होईपर्यंत, पगारपत्रक एकदा निघेपर्यंत आणि एक दस्त किंवा एक पत्रिका पूर्ण टाइप होईपर्यंत जुनं खातं आणि जुनी डिस्क, दोन्ही पुसू नका.